रातांबा, आमसूल आणि मुठेल

कफ परेडच्या उंच इमारतींच्या पाठीशीं, बॅक बेच्या पाण्याला लागून मच्छीमार नगर ही वस्ती आहे. एका बाजूला व्यापारी कचेऱ्या, मोठमोठीं हॉटेलें आणि आकाशाला टेकलेले मजले; दुसऱ्या बाजूला किनाऱ्यावर ओढलेल्या होड्या, दुरुस्तीला काढलेलीं जाळीं आणि दोरीवर वाळणारे बोंबील. ज्या टी. डब्ल्यू. कफ यांचें नांव या भागाला मिळालें, ते मुंबईच्या सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्टचे सभासद होते. विसाव्या शतकाच्या आरंभीं ट्रस्टनें येथें समुद्र हटवून जमीन काढली, आणि १९६० नंतर आणखी भरणी होऊन किनारा पुढें गेला. इतकें सगळें बदललें. परंतु येथल्या चुलीजवळच्या फळीवर एक चिनी मातीची बरणी असते, ती कांहीं हललेली नाहीं. तींत काळीं, ओलसर, मिठानें चिकटलेलीं आमसुलें असतात.

हीं आमसुलें समुद्राचीं नव्हेत, तीं रानाचीं. कोंकणपट्टींत आणि सह्याद्रीच्या उतारावर, ओढ्यांच्या कांठीं, दुसऱ्या झाडांच्या सावलींत हें झाड आपोआप उगवतें. गोमंतकांत त्याला भिरंड म्हणतात, रत्नागिरीकडे फळाला रातांबा, वाळलेल्या सालीला सोल किंवा आमसूल आणि एकंदर वस्तूला कोकम. वनस्पतिशास्त्रांत त्याचें नांव गार्सिनिया इंडिका. शास्त्राच्या काटेकोर व्याख्येप्रमाणें रातांबा हें मृदुफळच होय. म्हणजे करवंद ज्या वर्गांत बसतें त्याच वर्गांत तोही बसतो. शहरांतल्या मुलांना करवंद ठाऊक असतें, कारण डोंगरची मैना म्हणून तें पानाच्या द्रोणांतून दारावर येतें. रातांबा मात्र त्यांनीं क्वचितच पाहिलेला असतो. तो फार नाजूक. झाडावरून उतरला कीं दोन-चार दिवसांत नासूं लागतो. म्हणून मुंबईला त्याची सालच काय ती पोंचते.

झाड देखणें असतें. सदा हिरवें, खालीं झुकलेल्या फांद्यांचें, कोंवळी पालवी तांबूस. त्याची एक खोड आहे. त्यांत नर आणि मादी अशीं निरनिराळीं झाडें असतात आणि बी लावलें तर सहा-सात वर्षें थांबल्यावांचून कोणतें झाड फळणार हें कळत नाहीं. जवळजवळ निम्मीं नर निघतात. बिचाऱ्या शेतकऱ्यानें सात वर्षें पाणी घालावें आणि झाडानें नुसतीं फुलें दाखवावीं, असें अनेकांच्या वांट्याला आलें आहे. दापोलीच्या कोंकण कृषि विद्यापीठानें कलमें बांधण्याची रीत बसवून ही अडचण दूर केली, आणि १९९७ सालीं ‘कोकण अमृता’ ही जात दिली. तिचा मोठा गुण हा कीं, फळ पाऊस लागण्यापूर्वीं तयार होतें. रातांब्याच्या बाबतींत हा गुण लहान समजूं नये. एप्रिल-मे मध्यें तयार होणारें हें फळ जूनच्या पहिल्या सरींत सांपडलें, तर वाळवणार कोठें? पुष्कळ ठिकाणीं रातांब्याचा मोठा भाग झाडाखालींच कुजून जातो, तो एवढ्याच कारणानें.

आमसूल करण्याची रीत सोपी वाटते, पण चिकाटीची आहे. पिकलेलीं, गडद लाल फळें धुऊन कापतात. साल निराळी, आणि बियांसकट आंतला पांढरा गर निराळा. गरांत मीठ घालून ठेवलें कीं रस सुटतो. त्या रसांत सालें बुडवावयाचीं, उन्हांत वाळवावयाचीं, पुन्हां बुडवावयाचीं, पुन्हां वाळवावयाचीं. अशीं पांच-सहा पुटें बसलीं म्हणजे साल काळसर, मऊ आणि टिकाऊ होते. एका पुटावर समाधान मानणारा व्यापारीही असतो, आणि त्याचें आमसूल वर्षाच्या आंत कोरडें, फिकट आणि चवीला लाकडासारखें होतें. गिऱ्हाइकानें बोटांनीं दाबून पाहावें. चांगलें आमसूल दाबलें असतां लवतें. बरणी कांचेची किंवा चिनी मातीची असावी. पितळ-तांबें किंवा ॲल्युमिनियम यांत हें आंबट द्रव्य ठेवूं नये. धातूला तें खातें आणि मग तो धातू आपल्या पोटांत येतो.

या फळाचें औषधी माहात्म्य जुनें आहे. आयुर्वेदांत ‘वृक्षाम्ल’ या नांवाचें जें द्रव्य येतें, तें कोकमच असें वैद्य सामान्यतः मानतात. चरकसंहितेंत हृदयाला हितकर अशा दहा द्रव्यांचा एक गण सांगितला आहे. त्यांत आंबा, डाळिंब, बोर, महाळुंग यांच्या पंक्तीला वृक्षाम्ल आहे आणि करमर्द म्हणजे करवंदही आहे. येथें ‘हृद्य’ या शब्दाचा अर्थ मनाला रुचणारें, अन्नावरची वासना जागी करणारें असाही घेतला जातो, हें ध्यानांत ठेवलें म्हणजे हृदयविकाराच्या गोळ्या टाकून देऊन सोलकढी पिण्याचा मोह होणार नाहीं. गोव्यांत राहिलेला पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ता यानें १५६३ सालीं तेथेंच छापलेल्या आपल्या संवादरूप ग्रंथांत या आंबट लाल फळाची नोंद घेतली आहे. तीहि औषधापेक्षां रंगाऱ्यांच्या आणि शिरका करणाऱ्यांच्या उपयोगाची. पुढें मुंबई सरकारच्या औषधकोठारावर असलेले विल्यम डायमॉक यांनीं दोन सहकाऱ्यांसह लिहिलेल्या ‘फार्माकोग्राफिया इंडिका’ या १८९० पासून निघालेल्या ग्रंथांत कोकम आणि त्याच्या बियांची चरबी या दोहोंना स्थान मिळालें. तेव्हां आजीबाईच्या बटव्यांतली ही वस्तु पंडितांच्याही दृष्टीआड नव्हती.

आतां बटव्याकडेच वळावें. कोळ्यांच्या घरीं आमसुलाचा पहिला उपयोग अर्थात् कालवणांत. चिंच असते, कैरी असते, पण बंगड्याच्या किंवा तारलीच्या कालवणाला आमसूल पडलें कीं माशाचा उग्र वास मवाळ होतो आणि मांस घट्ट राहतें. यांत जादू नाहीं; माशाचा तो वास ज्या द्रव्यांचा, तीं क्षारधर्मी असतात आणि आंबटानें तीं बांधलीं जातात. दुसरा उपयोग जेवणानंतरच्या सोलकढीचा. आणि तिसरा, ज्यासाठीं शेजारणी मध्यरात्रींही दार ठोठावतात, तो अंगावर पित्त उठल्यावरचा.

अशा वस्तींतल्या एखाद्या घरीं काय घडतें तें पाहावें. दुपारीं बंगडा खाल्ला. तास-अर्ध्या तासांत पोराचें तोंड लालबुंद झालें, मानेवर आणि पोटावर गांधी उठल्या, खाज सुटली, डोकें दुखूं लागलें. सून घाबरते. म्हातारी मात्र उठून चार आमसुलें पाण्यांत कुसकरते, थोडें पाणी पाजते आणि उरलेलें अंगाला चोळते. संध्याकाळपर्यंत गांधी विरतात. “बघ, आमसुलानं उतरलं,” असें म्हातारी म्हणते, आणि आणखी एका पिढीला औषध मिळतें.

म्हातारीचा अनुभव खोटा नाहीं. पण त्या दुपारीं खरोखर काय झालें तें नीट समजलें पाहिजे, कारण त्यावर पुढच्या वेळीं मुलाचा जीव अवलंबून असूं शकतो. बंगडा, कुपा, सुरमई, तारली यांच्या मांसांत हिस्टिडीन नांवाचें द्रव्य विपुल असतें. मासा पाण्याबाहेर निघाल्यावर उन्हांत राहिला, तर त्यावरचे जंतू या द्रव्यापासून हिस्टामिन तयार करतात. हेंच हिस्टामिन आपल्या शरीरांत पित्त उठतांना निर्माण होत असतें. येथें तें बाहेरून, ताटांतून आलेलें असतें. म्हणून लक्षणें हुबेहूब पित्ताचीं. कधीं मासा खातांना जिभेला मिऱ्यासारखें झोंबतें, तीच काय ती सूचना. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही कीं, एकदां तयार झालेलें हिस्टामिन शिजवून जात नाहीं, तळून जात नाहीं, बर्फांत घातल्यानें जात नाहीं आणि आमसुलाच्या आंबटानेंही जात नाहीं. म्हणजे नासलेला बंगडा आमसूल घालून ‘सुधारतो’ ही समजूत सर्वस्वी चुकीची आहे. वास मवाळ होतो, विष तसेंच राहतें. किंबहुना वास दडल्यामुळें धोका वाढतो.

मग गांधी उतरल्या त्या कशानें? हा विकार बहुधा कांहीं तासांत, फार तर दिवसभरांत आपला आपणच ओसरतो. गार, आंबट पाणी अंगाला लावल्यानें खाज शमते आणि मुलाला व त्याच्या आईलाही धीर येतो. ही कांहीं थोडी किंमत नव्हे. कोकमाच्या सालींत दाह कमी करणारीं द्रव्यें आहेत, असें प्रयोगशाळेंतल्या कामावरून दिसतें. पण माणसाच्या अंगावरचें पित्त कोकमानें किती उतरतें, याचा निर्णय प्रयोगशाळेंतल्या बशीवरून होत नसतो. डॉक्टर अशा वेळीं हिस्टामिनाला विरोध करणारी गोळी देतात आणि तिचा परिणाम निश्चित असतो. आमसुलाचें पाणी आणि ती गोळी यांत वैर नाहीं; दोन्ही देतां येतात.

वैर आहे तें दुसऱ्याच ठिकाणीं. कोळंबी, चिंबोरी, तिसऱ्या यांचें कांहीं जणांना मुळांतच वावडें असतें. त्यांनाही गांधी उठतात. सुरुवात अगदीं तशीच दिसते. पण येथें ओंठ आणि जीभ सुजूं लागते, आवाज घोगरा होतो, श्वासाला घरघर लागते, मूल निस्तेज होऊन घामाघूम होतें. हें पित्त नव्हे. येथें मिनिटांचा हिशेब असतो आणि लागतें तें ॲड्रिनालिनचें इंजेक्शन. अशा वेळीं आमसूल कुसकरीत बसणें म्हणजे हातांतला वेळ घालवणें होय. १०८ क्रमांकाला दूरध्वनि करून किंवा मिळेल त्या वाहनानें रुग्णालय गांठलें पाहिजे. मच्छीमार नगरांतली एखादी जाणती म्हातारी हा भेद पुस्तक न वाचतां ओळखते. अंगावरची गांध ती पाहतेच, पण आधीं मुलाला नांव घेऊन हांक मारते आणि त्याचा आवाज ऐकते. आवाज बदललेला वाटला कीं बरणीला हात लावीत नाहीं.

आणि खरा उपाय तर चुलीपर्यंत येण्याआधींचाच आहे. होडींतून निघतांना जो बर्फ बरोबर घेतात, तो मासळीच्या वजनाइतका तरी असावा असें उष्ण प्रदेशासाठीं सांगितलें जातें. ससून डॉकवर पहांटे टोपल्या उतरतात, तेथें बर्फ किती आणि ऊन किती यावर दुपारच्या जेवणाचें आरोग्य ठरतें. घरीं मासळी आणणाऱ्या गृहिणीनेंही बाजारांत ती सर्वांत शेवटीं घ्यावी आणि घरीं येतांच थंडींत ठेवावी. कोळीण सुनेला सांगते तें थोडक्यांत असतें: “बाय, आधी बरफ, मंग आमसूल.”

हें झालें पित्ताचें. उन्हाळ्यांतल्या कोकम सरबताविषयीं फारसें सांगावयास नको. घाम गाळून आलेल्या माणसाला पाणी, मीठ आणि आंबट यांची गरज असते आणि तें तिन्ही त्यांत आहे. मात्र बाजारांत ‘अमृत कोकम’ म्हणून जो पाक मिळतो, तो सालींच्या दुपटीइतकी साखर घालून केलेला असतो. मधुमेही गृहस्थ चहांतली साखर सोडतात आणि ‘आयुर्वेदिक’ म्हणून हें सरबत दोनदां घेतात, हा विनोद अनेक सुशिक्षित घरांत चालूं आहे. त्यांच्यासाठीं साधें आमसूल पाण्यांत भिजवून, जिरें घालून घेणें बरें. रक्तदाब असेल त्यांनीं उलट आगळ जपून वापरावें. तो मिठांत राखलेला रस असतो. एकाला साखर बाधते, दुसऱ्याला मीठ. फळाचा बिचाऱ्याचा दोष नाहीं. अतिसारांत, मूळव्याधींत कोकम देण्याची रूढि आहे. मलांतून रक्त जात असेल तर मात्र रूढीवर न थांबतां तपासून घ्यावें, कारण रक्ताचीं कारणें मूळव्याधीहून भयंकरही असतात.

अलीकडे या फळाला एक नवाच लौकिक प्राप्त झाला आहे, तो लठ्ठपणा घालवण्याचा. त्याची हकीकत मौजेची आहे. केरळांत माशाच्या कालवणाला जें कुडमपुळी घालतात, तें आपल्या कोकमाचें भावंड. १९६५ सालीं लुईस आणि नीलकंठन् या दोन भारतीय संशोधकांनीं दाखविलें कीं, त्या सालींतलें मुख्य आम्ल हें हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल आहे. कोकमाच्या सालींतही तें शेंकडा दहाच्या आसपास असतें. शरीरांत साखरेपासून चरबी बनवणाऱ्या एका किण्वाला हें आम्ल अडवतें, असें पुढच्या कांहीं वर्षांत परदेशी प्रयोगशाळांत सिद्ध झालें. झालें! एवढ्यावर अमेरिकेंत गोळ्यांचा मोठा व्यापार उभा राहिला. १९९८ सालीं तेथेंच १३५ स्थूल माणसांवर बारा आठवडे परीक्षा घेण्यांत आली. अर्ध्यांना खरी गोळी, अर्ध्यांना खोटी. दोन्ही गटांचें वजन थोडें उतरलें, पण गोळीमुळें विशेष उतरलें असें कांहीं दिसेना. त्यानंतर असल्या अर्कांच्या गोळ्या घेणाऱ्या कांहीं जणांच्या यकृताला इजा झाल्याचीं प्रकरणें वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलीं गेलीं. कालवणांतलीं चार आमसुलें आणि अर्क काढून कोंबलेली गोळी या एकच वस्तु नव्हेत. कोळ्यांनीं शतकानुशतकें आमसूल खाल्लें तें मासा गोड लागावा म्हणून. तें खाऊन सडपातळ झालों असें त्यांच्यापैकीं कोणी म्हटल्याचें ऐकिवांत नाहीं. ते सडपातळ असतात ते जाळें ओढून.

रंगाचा एक खेळ घरांतल्या मुलांना जरूर दाखवावा. आमसुलाच्या लाल पाण्यांत चिमूटभर खाण्याचा सोडा टाकला कीं लाली जाऊन निळसर झांक येते. लिंबू पिळलें कीं लाल परत. जांभळांत आणि करवंदांत जो रंग असतो त्याच कुळांतला हा रंग आहे, आंबटांत लाल आणि क्षारांत निळा. ज्या आमसुलाचें पाणी असें पालटत नाहीं, त्यांत बाहेरचा रंग घातला असावा अशी शंका घेण्यास जागा आहे.

साल संपली, बी राहिली. रातांब्यांत पांच ते आठ बिया असतात आणि त्यांत सुमारें पाव हिस्सा चरबी असते. कोंकणांतल्या बायका बिया वाळवून, कुटून, पाण्यांत उकळतात. तेल वर तरंगतें, थंड झालें कीं थिजतें. मग तें काढून मुठींत वळून त्याचे अंड्याएवढे गोळे करतात. मुठींत वळलेलें तेल म्हणून त्याला मुठेल म्हणतात. गोव्यांत तें भिरंडेल. तें सुमारें चाळीस अंशांवर वितळतें. म्हणजे मुंबईच्या कडक उन्हाळ्यांतही घट्ट राहावें आणि अंगावर घासलें कीं ऊब लागून मऊ व्हावें, इतकें अचूक. लवकर खवटही होत नाहीं. मलमाला याहून चांगला आधार शोधून सांपडणें कठीण, आणि म्हणूनच साबण व प्रसाधनें करणारे कारखानेही आज तें विकत घेतात.

कोकमाच्या सर्व गुणांत निर्विवाद गुण हाच. कातड्यावर तेलकट थर बसला कीं आंतला ओलावा उडून जात नाहीं आणि भेग भरून येते. येथें कोणत्याही गूढ द्रव्याची गरज नाहीं. ज्यांना त्याची सर्वांत जास्त गरज आहे त्या बायका मच्छीमार नगरांतच भेटतात. खारें पाणी, बर्फाचा चुरा, माशाचे कांटे आणि सुरी यांत दिवसभर राहणारे हात. ओल्या फरशीवर अनवाणी किंवा पातळ चपलेनें उभे राहणारे पाय. टांचेच्या भेगांत खारें पाणी शिरलें कीं जी आग होते, ती टोपली डोक्यावर असतांना तोंडावर दाखवतां येत नाहीं. भेग नुसतीच कोरडी असेल तोंवर मुठेल पुरतें. ती लाल होऊन सुजली, पू झाला किंवा ताप आला, अथवा त्या बाईला मधुमेह असला, तर वर तेल चोपडून आंतली जखम झांकूं नये, दवाखान्यांत दाखवावी.

थंडीच्या दिवसांत रात्रीं भांडीं घासून झालीं कीं म्हातारी चुलीच्या उरलेल्या धगीवर एका वाटींत मुठेलाचा तुकडा ठेवते. तो वितळेपर्यंत सून कोमट पाण्यांत पाय भिजवते, फडक्यानें टिपते आणि सासूसमोर पाय पुढें करायला लाजते. “दे गं,” म्हणून म्हातारी स्वतःच तिची टांच हातीं घेते, भेगांत तेल भरते आणि वर जुन्या लुगड्याची चिंधी बांधते. पहांटे चारला बाजाराला निघावयाचें असतें. उरलेलें तेल वाटींत पुन्हां थिजतें. तें झांकून बरणीशेजारीं फळीवर जातें.